‘परमिशन डिनाइड’ला ७७७ हे उत्तर नव्हे: डेटाबेस सर्व्हर आणि फाइलींची मालकी

मुंबईतल्या लहान-मध्यम कार्यालयांचे डेटाबेस सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. लालबाग-परळच्या पतसंस्था, दादरमधल्या पॅथॉलॉजी लॅब, फोर्टमधली करसल्लागारांची कार्यालये अशा ठिकाणी एखाद्या केबिनच्या कोपऱ्यात एक लिनक्स मशीन अखंड चालू असते आणि त्यावर मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांपैकी एक डेटाबेस प्रणाली बसवलेली असते. संस्थेचा सगळा व्यवहार त्या मशीनवर अवलंबून असतो. तरीही त्या व्यवहाराच्या फाइली कुणाच्या नावावर आहेत, त्या कोण वाचू शकतो आणि कोण बदलू शकतो, हे बहुतेक ठिकाणी कुणी पाहिलेलेच नसते. ते पाहण्याची वेळ येते तेव्हा सर्व्हर बंद पडलेला असतो, लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आणि सोबत १३ हा एरर क्रमांक दिसत असतो, आणि फोनवरून कुणीतरी विचारत असते, ‘साहेब, काउंटरवर रांग लागली आहे, सगळ्याला ७७७ देऊन टाकू का?’

७७७ हा फाइल सर्वांसाठी पूर्ण खुली करणारा परवानगीचा आकडा आहे. असे करू नये, असे मी प्रत्येक वेळी सांगतो. त्यामागची कारणे फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून ती इथे सविस्तर लिहीत आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोसेस कुठल्यातरी युजरच्या नावाने चालते आणि प्रत्येक फाइलला एक मालक व एक ग्रुप असतो. फाइल उघडायची मागणी आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी पाहतो की मागणारा हा मालक आहे का. मालक असेल तर फक्त मालकाच्या परवानग्या लागू होतात आणि तपासणी तिथेच संपते. मालक नसेल तर तो ग्रुपमध्ये आहे का हे पाहिले जाते, आणि तिथेही नसेल तर ‘इतर’ या वर्गाच्या परवानग्या लागतात. ६४० सारख्या आकड्यातले तीन अंक म्हणजे हेच तीन वर्ग होत, आणि प्रत्येक अंक हा वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ यांची बेरीज असतो. ७७७ देणे म्हणजे ‘मागणारा कोण’ हा प्रश्नच रद्द करणे. सर्व्हर कदाचित सुरू होईल, पण तो का अडला होता हे कळत नाही, आणि त्या मशीनवर ज्याला ज्याला प्रवेश आहे त्या प्रत्येकाला, अगदी वेबसाइटच्या एखाद्या सदोष प्लगइनमधून आत शिरलेल्यालाही, सभासदांच्या खात्यांच्या मूळ फाइली मोकळ्या होतात.

पोस्टग्रेसच्या बाबतीत तर ७७७ दिल्यावर सर्व्हर सुरू होतच नाही. डेटा डिरेक्टरीची परवानगी ७०० किंवा ७५० यांपैकीच असावी, असा त्याचा आग्रह आहे. तसे नसेल तर तो लॉगमध्ये तेवढे स्पष्ट लिहून थांबतो. पूर्वी केवळ ७०० चालत असे. २०१८ साली आलेल्या ११व्या आवृत्तीपासून ग्रुपला वाचण्यापुरती सवलत देता येऊ लागली, आणि तिचा उद्देश असा की बॅकअप घेणाऱ्या वेगळ्या युजरला डेटाबेसच्या मालकाचे किंवा रूटचे (मशीनवरच्या सर्वाधिकारी युजरचे) अधिकार न देता फाइली वाचता याव्यात. डिरेक्टरीचा मालक आणि सर्व्हर सुरू करणारा युजर एकच असला पाहिजे, हीसुद्धा त्याची अट आहे. रूट म्हणून सुरू करायला गेल्यास तो सरळ नकार देतो. मायएसक्यूएलही रूटच्या नावाने चालायला तयार होत नाही, मात्र तसे मुद्दाम आणि स्पष्टपणे सांगितले तर ऐकतो. ते कधीही सांगू नये.

या हट्टाचे कारण नवशिक्यांना नीट सांगितले जात नाही, असे मला वाटते. पोस्टग्रेसमधल्या सुपरयुजरला ‘कॉपी’ या आदेशाद्वारे सर्व्हरच्या मशीनवरच्या फाइली वाचता-लिहिता येतात आणि तिथला एखादा प्रोग्रॅमही चालवता येतो. मायएसक्यूएलमध्ये ‘फाइल’ हा अधिकार असलेल्या खात्याला मशीनवर फाइल लिहिता येते, आणि त्यावर लगाम घालण्यासाठीच ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’ ही सेटिंग एका ठरावीक डिरेक्टरीकडे वळवलेली असते. ही सगळी कामे सर्व्हरची प्रोसेस स्वतःच्या नावाने करते. ती प्रोसेस साध्या, अधिकारहीन युजरची असेल तर डेटाबेसचा पासवर्ड फुटल्यावर डेटाबेस जातो. ती रूटची असेल तर त्याच पासवर्डाबरोबर अख्खे मशीन जाते.

७७७ने होणारे नुकसान नेहमी सुरक्षेच्याच रूपात दिसते असे नाही, हे मध्य मुंबईतल्या एका पतसंस्थेत मी जवळून पाहिले. मार्चअखेरीचे व्याज खात्यांवर चढवण्याचे काम एरवी जेवणाच्या सुट्टीत उरकत असे. त्या वर्षी ते संध्याकाळपर्यंत रेंगाळू लागले. हार्डवेअर देणाऱ्याने जास्त मेमरी घ्या असे सुचवले होते. मशीनमध्ये १६ जीबी मेमरी होती आणि मायएसक्यूएलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बफर पूलसाठी, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवण्याच्या जागेसाठी, त्यातली ८ जीबी राखून ठेवल्याचे मला स्पष्ट दिसत होते. परंतु चालू सर्व्हरलाच बफर पूलचा आकार विचारला तेव्हा उत्तर आले १३,४२,१७,७२८ बाइट. हे बरोबर १२८ एमबी होतात, आणि १२८ एमबी हे मायएसक्यूएलचे मूळचे, काहीही न सांगता घेतले जाणारे मूल्य आहे. याचा अर्थ सर्व्हर कॉन्फिगरेशन फाइल वाचतच नव्हता.

कारण सापडले ते सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या, जर्नल या नोंदवहीत. जी कॉन्फिगरेशन फाइल जगात कुणालाही लिहिता येते, तिच्यावर मायएसक्यूएल विश्वास ठेवत नाही. एक इशारा नोंदवून तो ती बाजूला सारतो आणि मूळ मूल्यांवर सुरू होतो. डिस्क बदलताना आलेल्या कुणा तंत्रज्ञाने ‘/एटीसी/मायएसक्यूएल’ ही कॉन्फिगरेशनची डिरेक्टरी आणि डेटा डिरेक्टरी या दोन्हींना ‘चमॉड -आर ७७७’ दिले होते, म्हणजे आतल्या सगळ्यासह परवानगी ७७७ केली होती. नेहमीच्या एरर लॉगमध्ये या इशाऱ्याचा मागमूस नव्हता, कारण लॉग कोणत्या फाइलमध्ये लिहायचा ही सूचनाही त्याच दुर्लक्षित कॉन्फिगरेशनमध्ये होती. याहून गंभीर गोष्ट पुढे होती. सर्व्हरने फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरते ऐकावे, ही उबुंटूच्या पॅकेजने घातलेली मर्यादाही त्याच फाइलमध्ये असते, आणि ती नसेल तर मायएसक्यूएल सगळ्या पत्त्यांवर ऐकू लागतो. संथ झालेल्या व्याजाच्या हिशेबाने सर्वांचे लक्ष वेधले, पण त्याच काळात संस्थेचा डेटाबेस कार्यालयातल्या प्रत्येक नेटवर्क पॉइंटवर आणि पाहुण्यांच्या वायफायवर उघडा होता, याची कुणालाही कल्पना नव्हती.

दुरुस्तीचीही एक रीत आहे. कॉन्फिगरेशन फाइलींचा मालक रूट असावा आणि परवानगी ६४४ असावी, म्हणजे सर्व्हरला त्या वाचता येतात पण बदलता येत नाहीत. एखाद्या फाइलमध्ये पासवर्ड असेल तर ती ६४० किंवा ६०० करावी. डेटा डिरेक्टरीची मालकी ‘चाऊन’ या मालक बदलणाऱ्या आदेशाने पुन्हा मायएसक्यूएल या युजरकडे आणि ग्रुपकडे द्यावी. परवानग्यांसाठी अनेक जण ‘चमॉड’मध्ये कॅपिटल ‘एक्स’ वापरतात, कारण ते चालवण्याचा अधिकार फक्त डिरेक्टरींना देते असे ऐकलेले असते. परंतु ते ज्या फाइलींना आधीच तो अधिकार आहे त्यांचा अधिकार तसाच ठेवते, आणि ७७७ दिल्यावर तर प्रत्येक फाइलला तो मिळालेला असतो. म्हणून ‘फाइंड’ने डिरेक्टरी आणि फाइली वेगवेगळ्या निवडून डिरेक्टरींना ७५० आणि फाइलींना ६४० द्यावे, मायएसक्यूएल स्वतः नव्या फाइली व डिरेक्टरी याच परवानग्यांनी तयार करतो. पोस्टग्रेससाठी हेच आकडे ७०० आणि ६०० आहेत.

मालकीचा घोळ सर्वाधिक होतो तो डेटा नव्या डिस्कवर हलवताना. सर्व्हर पूर्ण थांबवून, रूट म्हणून ‘आरसिंक -ए’ किंवा ‘सीपी -ए’ने नक्कल केली तर मालक, ग्रुप, परवानग्या आणि तारखा जशाच्या तशा येतात. साध्या ‘सीपी -आर’ने केली तर सगळ्या नव्या फाइली रूटच्या नावावर बसतात आणि सर्व्हर आपल्याच घरात परका होतो. एवढे सांभाळूनही पुष्कळदा १३ क्रमांकाचा एरर येतोच, आणि अशा वेळी दोष फाइलीत नसतो, वाटेत असतो. एखाद्या फाइलपर्यंत पोहोचायला तिच्या वरच्या प्रत्येक डिरेक्टरीतून पलीकडे जाण्याचा अधिकार लागतो; डिरेक्टरीच्या बाबतीत ‘चालवण्याचा’ १ म्हणजे हाच. चाळीतल्या खोलीची किल्ली हातात असली तरी खालच्या फाटकाला कुलूप असेल तर माणूस खोलीपर्यंत जाऊच शकत नाही. ही वाट एका दृष्टिक्षेपात पाहण्यासाठी ‘नेमआय -एल’ हा आदेश फार उपयोगाचा आहे. तो मुळापासून शेवटच्या फाइलीपर्यंतचा प्रत्येक टप्पा, त्याचा मालक आणि परवानगी यांसह, एकाखाली एक छापतो, आणि मधल्याच एखाद्या डिरेक्टरीला ७०० व मालक रूट असे लिहिलेले दिसले की शोध संपतो.

नवी डिस्क जिथे माउंट होते, म्हणजे जोडली जाते, तीच डिरेक्टरी डेटा डिरेक्टरी म्हणून वापरू नये. माउंट पॉइंट रूटच्या मालकीचा ठेवावा, त्याच्या आत डेटाबेसच्या युजरची एक डिरेक्टरी करावी आणि तिच्या आत डेटा ठेवावा. पोस्टग्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही हाच सल्ला आहे. याचा खरा फायदा डिस्क माउंट न झाल्याच्या दिवशी कळतो: माउंट पॉइंटच डेटाबेसच्या मालकीचा असेल तर सर्व्हर सुरू करणारी एखादी स्क्रिप्ट तिथे मुख्य डिस्कवर नवा, रिकामा डेटाबेस उभा करू शकते, तो रूटचा असेल तर सर्व्हर सरळ अडतो. अडलेला सर्व्हर कुणाच्या तरी लगेच लक्षात येतो, आणि डेटा सुरक्षित राहतो.

मालक बरोबर, परवानगी बरोबर, वाट मोकळी, आणि तरीही नकार येत असेल तर उबुंटूवर अॅपआर्मर आणि रेड हॅटच्या कुळातल्या वितरणांवर एसईलिनक्स यांच्याकडे पाहावे. हे दोघे मालकीच्या पलीकडे जाऊन कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलींना हात लावावा हे ठरवतात, आणि त्यांनी नाकारल्यावर सर्व्हरला मिळतो तो एरर मात्र तोच १३ असतो. अॅपआर्मरमध्ये डेटाचा नवा पत्ता नियमांत जोडावा लागतो. एसईलिनक्समध्ये नव्या डिरेक्टरीला ‘एसईमॅनेज’ने योग्य लेबल ठरवून द्यावे लागते आणि ‘रिस्टोअरकॉन’ने ते प्रत्यक्ष लावावे लागते. मारियाडीबीच्या सिस्टमडी सेवेत तर ‘/होम’ खालचे सगळेच सर्व्हरपासून लपवण्याची व्यवस्था असते, त्यामुळे डेटा तिथे नेणाऱ्याला परवानग्यांत कितीही शोधले तरी चूक सापडत नाही. या यंत्रणा बंद करून मोकळे होण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. मला तो अजिबात मान्य नाही, कारण सर्व्हरमध्ये त्रुटी निघून कुणी आत शिरलेच तर त्याला डेटा डिरेक्टरीपुरते अडवून धरणारी शेवटची गोष्ट हीच असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: डिस्कवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. एका मशीनवर मायएसक्यूएलचा क्रमांक ११२ असेल आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक एखाद्या वेगळ्याच सेवेला मिळालेला असेल, तर पहिल्या मशीनची डिस्क दुसऱ्याला जोडताच सगळ्या फाइली त्या वेगळ्या सेवेच्या नावावर दिसू लागतात. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम तयार ‘इमेज’मधून वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत, हे फार होते. पोस्टग्रेसच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये युजरचा क्रमांक ९९९ आहे आणि अल्पाइन इमेजमध्ये तो ७० आहे. आकाराने लहान म्हणून एकीच्या जागी दुसरी इमेज आणली आणि डेटाचा व्हॉल्यूम तोच ठेवला, तर मालकीची गाठ तिथेच बसते. अशा वेळी ‘एलएस -एलएन’ने नावांऐवजी क्रमांक पाहावेत.

बॅकअपकडे मी मुद्दाम वळतो, कारण डेटा डिरेक्टरी काटेकोर ७०० ठेवणाऱ्या संस्थांतही रात्रीचा डंप (सगळा डेटा उतरवलेली बॅकअप फाइल) मात्र ६४४ने पडलेला असतो. रूटच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेत, बहुधा यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्यांतून काय वगळायचे ते सांगणारा आकडा) ०२२ असतो, त्यामुळे ‘मायएसक्यूएलडंप’ची निघालेली फाइल मशीनवरच्या कुणालाही वाचता येते, आणि त्या एका फाइलमध्ये सगळे सभासद, त्यांचे पत्ते, मोबाइल क्रमांक आणि शिल्लक रकमा साध्या मजकुरात असतात. मुख्य दाराला दोन कुलपे लावल्याने इथे काही साधत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत यूमास्क ०७७ करावा आणि बॅकअपची डिरेक्टरी ७०० ठेवावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी, लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती अशी उघड्यावर ठेवणे योग्य झाले नसते.

पासवर्डाच्या आणि किल्ल्यांच्या फाइलींबाबत पोस्टग्रेस स्वतःच शिस्त लावतो. घरच्या डिरेक्टरीतली ‘पीजीपास’ ही फाइल ६००पेक्षा सैल असेल तर तो इशारा देऊन तिच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि टीएलएसची (सांकेतिक जोडणीची) खासगी किल्ली डेटाबेसच्या युजरची असेल तर ६०० आणि रूटची असेल तर फार तर ६४० चालते. उलट, मायएसक्यूएलचे सॉकेट, म्हणजे त्याच मशीनवरचे प्रोग्रॅम ज्या फाइलीतून सर्व्हरशी बोलतात ती, ७७७ दिसले म्हणून कुणी घाबरू नये. तिथे सर्वांना दारापर्यंत येऊ देणेच अपेक्षित आहे, कारण ओळख पटवणे आत होते.

मुंबईत या सगळ्याला पावसाळ्याचा एक संदर्भ आहे. ‘/रन’ ही डिरेक्टरी मेमरीत असते आणि प्रत्येक रीबूटला नव्याने तयार होते. एप्रिलमध्ये कुणी सॉकेटसाठी ‘/रन/मायएसक्यूएलडी’ हाताने तयार करून तिची मालकी दिली तर सर्व्हर सुरळीत चालतो, आणि काम झाले असे सर्वांना वाटते. जुलैमध्ये हिंदमाता परिसरात पाणी साचते, खबरदारी म्हणून वीज बंद केली जाते, यूपीएस संपतो, आणि वीज परत आल्यावर ती डिरेक्टरी नसल्यामुळे सर्व्हर उठत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर पावसामुळे नव्हे, ग्रिड कोसळून शहराची वीज गेली होती. म्हणून ही डिरेक्टरी हाताने न करता सिस्टमडीच्या सेवेतील ‘रनटाइम डिरेक्टरी’ या ओळीने किंवा सिस्टमडीच्याच ‘टीएमपीफाइल्स’च्या नियमाने करून घ्यावी, म्हणजे ती प्रत्येक वेळी आपोआप तयार होते.

परवानग्यांचे कोणतेही काम झाल्यावर मी दोन्ही बाजूंनी तपासणी करतो. ‘सुडू -यू’ वापरून आधी डेटाबेसच्या युजरच्या नावाने डेटा डिरेक्टरी उघडून पाहतो, ती उघडली पाहिजे. मग ‘नोबडी’ या युजरच्या नावाने तीच डिरेक्टरी, कालचा बॅकअप आणि किल्लीची फाइल वाचायचा प्रयत्न करतो, आणि तिन्ही ठिकाणी नकार मिळाला पाहिजे. त्यानंतर चालू सर्व्हरला बफर पूलचा आकार आणि ऐकण्याचा पत्ता विचारून ते कॉन्फिगरेशनशी जुळवतो. शेवटी संस्था बंद असताना, म्हणजे बहुधा रविवारी, मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून तिथे जातो आणि मशीन पूर्ण रीबूट करतो, कारण केवळ सेवा रीस्टार्ट केल्याने माउंट आणि ‘/रन’ यांतल्या चुका उघड होत नाहीत. सर्व्हर हात न लावता उठला आणि रात्रीचा बॅकअप ६००ने पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेला काम पूर्ण झाल्याचे कळवतो.